नांगरदिवा किती उंच हवा?

शिडाच्या बोटीचा नांगरदिवा डोलकाठीच्या टोकावरच हवा, असं बहुतेकजण धरून चालतात. आमच्या बोटीवरही तो तिथेच होता, पाण्यापासून जवळजवळ चौदा मीटर उंच. नियमाला धरून होतं. समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला ३० वा नियम सांगतो, की पन्नास मीटरपेक्षा लहान बोटीने चहूबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा, जिथे सर्वांत चांगला दिसेल तिथे लावला तरी चालतो.

पण कुणाला चांगला दिसेल? हा प्रश्न मला जयगडच्या खाडीत पडला. पहाटे मतलई वाऱ्यावर मच्छीमारांच्या होड्या बाहेर निघाल्या आणि त्यांतली एक आमच्या नाळेला जवळजवळ घासून गेली. उजाडल्यावर तिच्या तांडेलाला विचारलं, तर तो म्हणाला, "दिवा दिसला हो, पण चांदणी वाटली. आमची नजर पाण्यावर असते, वर कोण बघतंय?"

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तीस मीटरवर आलेल्या माणसाला तो दिवा बघायला मान चांगलीच वर करावी लागते, आणि दिव्याखालची बोट अंधारातच राहते. दोन सागरी मैलांवरून दिसणं ही नियमाची गरज. कोकणातल्या बंदरात धोका येतो तो शेजारून, लहान होडीतून.

म्हणून मी दिवा खाली आणला. दोन वॅटचा एलईडी, पुढच्या तारेला, डेकपासून अडीच मीटरवर, मोकळ्या हॅलियार्डने ओढून घेतलेला आणि हेलकावू नये म्हणून खालून दोरीने ताणलेला. जुना दहा वॅटचा बल्ब बारा तासांत दहा अँपिअर-अवर खायचा, हा दोनातच भागवतो. डोलकाठीमुळे मागच्या बाजूला थोडी सावली पडते, पण ती दोन-तीन अंशांचीच. शिवाय नांगरावरची बोट वाऱ्या-भरतीबरोबर फिरत राहते, सावली एका जागी थांबत नाही. मुख्य फायदा वेगळाच: उजेड डेकवर आणि गुंडाळलेल्या शिडावर पडतो, त्यामुळे नुसता ठिपका नव्हे तर अख्खी बोट दिसते. रात्री डिंगीत बसून चहूबाजूंनी फिरून मी ते पाहिलं. होडीवाल्याच्या नजरेइतक्या उंचीवरून पाहिल्याशिवाय दिव्याची जागा पक्की करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

वरचा दिवाही सोबत लावावा का, असं काहीजण विचारतात. मी लावत नाही. मोठी जहाजं नांगरावर पुढे उंच आणि मागे खाली असे दोन पांढरे दिवे लावतात. आपल्या दोन दिव्यांनी लांबून येणाऱ्याचा उगाच गोंधळ व्हायला नको.

अंधार पडला की आपोआप लागणारे दिवेही मिळतात. मी मात्र हातानेच लावतो. त्या निमित्ताने काचेवरचं मीठ पुसलं जातं, गाठ तपासली जाते आणि बॅटरीचा आकडा बघितला जातो.