उसातलं पालाश जातं कुठे?

साखर ही हवेची आणि पाण्याची बनलेली असते. पोतंभर साखरेत मातीतलं नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ नसतंच. इथेनॉलचंही तसंच. म्हणजे अकलूजच्या शिवारातून साखरेचे ट्रक आणि इथेनॉलचे टँकर कितीही बाहेर गेले, तरी जमिनीचं खनिज इथंच राहायला हवं. मग पोटॅशची गोणी आम्ही दरसाल विकत का आणतो? तीही परदेशातून आलेली, कारण या खतासाठी आपला देश जवळपास सगळा आयातीवर अवलंबून आहे. मृदाशास्त्रात काम करताना या एका प्रश्नानं माझा पिच्छा सोडलेला नाही.

अकलूजचा माळशिरस तालुका उसात मुरलेला. 1928मध्ये भाटघरचं मोठं धरण पूर्ण झालं, नीरेच्या उजव्या कालव्याला पाणी मिळालं आणि कोरडवाहू रान बागायत झालं. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला, श्रीपूरला आगाशे यांनी काढला. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकारानं शंकरनगरला सहकारी कारखाना उभा राहिला. शेत आणि कारखाना इतके शेजारी-शेजारी असणं हे आमचं भाग्य आहे. जे नेलं ते परत आणायला इथं फार लांब जावं लागत नाही.

हेक्टरी 100 टनांचं पीक जमिनीतून साधारण 200 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि अडीचशे किलोंच्या पुढे पालाश उचलतं. तोडणीनंतर या तिघांच्या वाटा फुटतात. काही नत्र आणि काही पालाश पाचटात राहतं. रस चुन्यानं निवळताना स्फुरद गाळात बसतं आणि प्रेसमडमधून बाहेर पडतं. पालाश मात्र रसात विरघळलेलं असतं; ते साखरेत जात नाही, मोलॅसिसमध्ये साठतं, तिथून आसवनीत जातं आणि तिच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, उतरतं. ही साखळी कुठंही तुटली की शेतकऱ्याचा तोटा होतो.

पहिली तूट शेतातच होते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं आणि रात्री काडी लागते. नत्र धुरात जातं, कर्ब जातो, वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात. शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण पाचटानं सरी तुंबते, बुडखे छाटायला मजूर मिळत नाहीत, उंदरांचा त्रास होतो, हे सगळं खरं आहे. तरीही खोडव्यात पाचट ठेवावंच, असं माझं ठाम मत आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचटाची कुट्टी करायची किंवा ते सरीत दाबायचं आणि टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे. ऐन मार्चच्या उन्हात असं पाचट हातानं उचलून पाहावं. वरचा थर कुरकुरीत, त्याखालचा तपकिरी आणि मऊ, त्याला पांढऱ्या बुरशीचे धागे चिकटलेले, आणि अगदी तळाशी ओल. तिथं बोट घातलं की गांडुळांची बारीक रवाळ विष्ठा लागते. शेजारच्या जाळलेल्या सरीत त्याच दिवशी भेगा असतात.

उसाचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढं, हा तोडकऱ्यांचा हक्काचा पैसा. फडातच पेंढ्या बांधून ते विकतात आणि तालुक्यातल्या गाई-म्हशी हंगामभर त्यावर जगतात. शिवामृत दूध संघाला जाणाऱ्या दुधात या वाढ्याचाही वाटा आहे. (त्यात ऑक्झलेट असतं, जनावराच्या अंगातलं कॅल्शियम ते अडवतं, म्हणून चुन्याची निवळी शिंपडून द्यावं.) शेण परत शेतात गेलं तर ही वाट पूर्ण होते. ती बऱ्यापैकी होते, कारण शेणाची किंमत शेतकरी जाणतो.

स्पेंटवॉशची किंमत मात्र कुणी जाणली नव्हती. लिटरभर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर काळं, उग्र वासाचं पाणी. राज्यात कित्येक ओढे त्यानं नासले, विहिरी बाटल्या. आता ते बाहेर सोडायला बंदी आहे. ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि राख उरते. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे या राखेच्या खतात किमान 14.5 टक्के पालाश लागतं. जानेवारी 2024मध्ये केंद्रानं त्याचा दर टनाला 4,263 रुपये ठरवला, वर 345 रुपये अनुदान. ज्या पाण्यानं ओढे मेले, त्यातच आमचं पालाश होतं.

पण हा दर खत कंपनी कारखान्याला देणार. खत कंपनीकडून ती गोणी कुठल्याही जिल्ह्यात जाईल, आणि तीच गोष्ट प्रेसमडची. उसाच्या टनाला साधारण 35 ते 40 किलो प्रेसमड निघतं; आता त्यापासून बायोगॅस करण्याकडे कारखान्यांचा कल आहे. गॅस जरूर काढावा, गॅसमध्ये कर्बच जातो. स्फुरद उरलेल्या गाळात राहतं. तो गाळ कुणाच्या रानात पडतो, हा माझा प्रश्न आहे.

कारखान्याकडे प्रत्येक गटाची ऊसनोंद असते. कुठल्या रानातून किती टन आला हे वजनकाट्यावर लिहिलं जातं. एकरी 40 टन देणाऱ्या सभासदाच्या नावावर दीड टनाच्या आसपास प्रेसमड जमा धरता येईल, राखेचा वाटाही त्याच हिशोबानं. ऊस खाली करून ट्रॉल्या रिकाम्या परत जातात. त्यांत हा माल भरता येईल. वाहतुकीचा खर्च कुणी सोसायचा, यावर भांडण होईल हे मला दिसतं आहे. ते वार्षिक सभेत व्हावं. एफआरपीइतक्याच, म्हणजे उसाच्या दराइतक्याच, पोटतिडकीनं सभासदानं तिथं उठून विचारावं: माझ्या उसाबरोबर आलेलं पालाश या हंगामात कुणाला विकलं?