सुई आत असताना

सुई आत शिरताना बोटांत करंट गेल्यासारखं वाटलं, तर त्याच क्षणी मोठ्यानं सांगावं. दवाखान्यात हे आधी कुणी बजावत नाही, आणि आपल्या घरांतून बायकांना तर लहानपणापासून सोसायलाच शिकवलेलं असतं.

माझी मावशी मुलुंडला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. रात्री हाताला मुंग्या यायच्या, झटकला की जरा बरं वाटायचं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांकडे जाणाऱ्या नऊ कंडरा असतात आणि त्यांच्यासोबत दाटीवाटीनं एक नस. सूज आली की नस दबते. ती सूज उतरावी म्हणून तिथं स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, आणि कित्येकांना त्यानं खरंच आराम पडतो. पण औषध नसेच्या शेजारी पडायला हवं, नसेत नव्हे. मधलं अंतर काही मिलिमीटरचं.

सुई शिरताच मावशीच्या अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत कळ गेली. ती किंचित हलली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काकू, थोडं दुखणारच." ती गप्प राहिली. नंतर आम्हाला म्हणाली, "बाहेर एवढी माणसं खोळंबलेली, मध्येच कसं बोलायचं?" पुढच्या आठवड्यात रिक्षातून उतरताना पर्समध्ये हात घातला, तर रुपयाचं नाणं कुठलं नि दोनाचं कुठलं, ते बोटांना कळेना. शेवटी तिनं पर्स रिक्षावाल्यापुढे उघडी धरली.

त्या क्षणी ती बोलली असती तर सुई मागे घेता आली असती, असं मला आजही वाटतं. दोष मात्र मी तिला देत नाही. विचारायचं काम सुई धरणाऱ्याचं असतं.

इजा झालेली नस वाढते ती साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत म्हणजे सहाएक महिने. नसेतल्या संदेशाचा वेग मोजणारी एनसीव्ही तपासणीही लगेच करून पुरतं चित्र दिसत नाही, कारण इजेच्या पुढचा भाग काही दिवस संदेश वाहत राहतो; म्हणून तीन आठवडे थांबायला सांगतात. ते थांबणं फार जड जातं. मावशीची बोटं बरीच सुधारली, तर्जनीचं टोक अजून बधिर आहे.

धोका मनगटापुरताच नाही. कुल्ल्यावरची सुई जागा चुकून सायटिक नसेला लागली, तर पाऊल लुळं पडू शकतं. मणक्यातल्या स्टेरॉइडबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एप्रिल २०१४ मध्ये इशारा दिला होता: क्वचित, पण दृष्टी जाणं, पक्षाघात, मृत्यूसुद्धा. कणीदार औषध रोहिणीत गेलं तर रक्तपुरवठा अडतो, म्हणून मानेसाठी अनेक डॉक्टर कणी नसलेलं डेक्सामेथासोन निवडतात.

हे वाचून कुणी स्टेरॉइडच्या नावानं कानाला खडा लावू नये. १९४८ साली फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या रुग्णेला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली; १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. औषध थोरच आहे. माझी तक्रार घाईबद्दल आहे, आणि कागदाबद्दल. मावशीच्या केसपेपरवर फक्त 'इंजेक्शन दिले' एवढंच होतं. कुठलं, किती, काही नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. पण मुळात लिहिलंच नसेल तर देणार काय?

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या सगळ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: सुई टोचण्याआधी "करंट लागला तर लगेच सांगा, मी थांबतो" एवढं म्हणा. आणि वाचकहो, औषधाचं नाव नि मात्रा लिहून घ्या. इंजेक्शनसोबत दिलेल्या भुलीच्या औषधानं काही तास बधिर वाटतं, ते ठीक. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा किंवा अशक्तपणा राहिला, तर भिडेपोटी घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.