मोंबासा: किल्ला, रेल्वे आणि दोन सिंह

मोंबासाला जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "सिंह दिसला का रे?" दिसला ना. चांगले चार दिसले. त्यातला एक तर गाडीपासून पंधरा फुटांवर आडवा पडून जांभया देत होता, शुक्रवारी चारच्या मीटिंगमधे आपण सगळे देतो तशाच. :) पण आज सिंहांबद्दल फार लिहायचं नाहीये. म्हणजे सिंह येणार आहेत, पण जरा उशिरा, आणि बिनबोलावता.

तर झालं असं, की नैरोबीत तीन महिन्यांचं ऑनसाईट काम होतं. मधे एक जोडून सुट्टी आली. सोबतच्या मंडळींचा बेत साधा होता. मोंबासाला जायचं, एक दिवस समुद्र, दोन दिवस सफारी, फोटो काढायचे की परत. मला किल्ल्यांचं लहानपणापासून वेड, त्यामुळे मी एक दिवस गावासाठी मागून घेतला. ("तिकडे पण किल्ला? तुला राजमाची कमी पडला का?" हा शेरा अर्थातच ऐकावा लागला.)

मोंबासा हे मुळात एक बेट आहे. आपल्या जुन्या मुंबईसारखं, चारी बाजूंना खाडी आणि बंदर. दमट हवा, नारळ, आंबे, अंगाला चिकटणारा शर्ट.. विमानतळाबाहेर आल्याबरोबर कोकणात उतरल्यासारखं वाटतं. मुख्य रस्त्यावर हत्तीच्या सुळ्यांच्या प्रचंड ॲल्युमिनियमच्या कमानी आहेत. सगळे टुरिस्ट तिथे फोटो काढतात, आम्हीही काढले. मग किल्ला.

फोर्ट जीझस. पोर्तुगीजांनी १५९३ मधे बांधायला घेतला. आराखडा जोव्हानी बात्तिस्ता कैराती नावाच्या इटालियन माणसाचा. हा गृहस्थ पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या मुलखाचा मुख्य वास्तुकार होता आणि १५९६ मधे गोव्यात वारला. मोंबासाचा कारभारही शेवटी गोव्यातूनच चालायचा. २०११ पासून किल्ला जागतिक वारसा यादीत आहे. पोवळ्याच्या दगडाच्या जाडजूड भिंती, कोपऱ्यांना बुरुज आणि समोर निळंशार पाणी. वसईचा किल्ला पाहिलेला माणूस इथे दोन मिनिटांत रुळतो.

आत एक छोटं संग्रहालय आहे. तिथे समुद्रातून वर काढलेल्या वस्तूंपाशी जहाजाचं नाव लिहिलंय - 'सांतो आंतोनिओ द तान्ना'. मी नुसता वाचून पुढे गेलो असतो, पण गाईडने सहज विचारलं, "तू मुंबईचा ना? हे जहाज तुमच्याच बाजूचं." तान्ना म्हणजे ठाणं! ठाण्याचा संत अँथनी. माझं अख्खं आयुष्य ठाण्यात गेलं. लोकलमधे लटकून, तलावपाळीला चकरा मारून. आणि इथे भारतापासून इतक्या लांब आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ठाण्याचं नाव! हे जहाज बांधलं गेलं वसईला, १६८१ मधे.

त्याची गोष्ट अशी. १६९६ च्या मार्चमधे ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. तो जवळजवळ पावणेतीन वर्षं चालला. आत पोर्तुगीज मूठभर, बाकी बरीचशी स्थानिक स्वाहिली माणसं. गोव्याहून कुमक घेऊन जी जहाजं आली त्यात हे एक होतं. १६९७ मधे ते किल्ल्यासमोरच बुडालं. १९६० च्या दशकात तिथल्या पाणबुड्यांना त्याचा पत्ता लागला आणि १९७७ ते १९८० मधे सागरी पुरातत्त्ववाल्यांनी त्याचं उत्खनन केलं. किल्ला पडला डिसेंबर १६९८ ला. गोव्याहून निघालेली शेवटची मदत काही दिवसांनी पोचली, तेव्हा वर ओमानी झेंडा होता. (साधारण चाळीस वर्षांनी, १७३९ च्या फेब्रुवारीत, चिमाजी आप्पांचा वसईला वेढा पडला. जे जहाज बांधतात त्यांचे किल्लेही पडतात, असो.)

मला खटकलं ते वेगळंच. वेढ्यात आतली माणसं तोफांनी जितकी मेली, त्यापेक्षा कितीतरी जास्त रोगाने मेली. कप्तानांची नावं इतिहासात आहेत. पण वसईत ज्या सुतारांनी ते जहाज घडवलं, आणि जी माणसं आत तापाने फणफणत मेली, त्यांचं एकही नाव मला त्या काचेमागे दिसलं नाही.

संध्याकाळी ओल्ड टाऊनमधे भटकलो. अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी दारं, सज्जे, वेलदोड्याचा वास. आणि कानावर पडणारी स्वाहिली. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी', चहाला 'चाय' आणि चपातीला चपातीच! 'सफारी' म्हणजे नुसता प्रवास, आपल्या 'सफर'चाच भाऊ. मुंबईला जाणं ही पण सफारी आणि दादर ते ठाणे ही तर नक्कीच सफारी. :)

दुसऱ्या दिवशी त्सावो. पूर्व आणि पश्चिम अशी दोन उद्यानं मिळून २० हजार चौरस किलोमीटरहून मोठी. १९४८ साली झाली. मोंबासापासून व्होई साधारण १६० किलोमीटर. माती लालभडक, आणि तीच अंगावर उडवून हत्तीसुद्धा विटकरी झालेले. इथल्या बऱ्याच नर सिंहांना आयाळ नसते, त्यामुळे पहिला सिंह आमच्यातल्या एकाने सिंहीण म्हणून ठामपणे जाहीर केला.

आणि या जंगलाच्या मधून जाते रेल्वे. इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते. १८९६ मधे ब्रिटिशांनी मोंबासाहून युगांडा रेल्वे सुरू केली, भारतातल्यासारखीच मीटर गेज. १८९८ मधे त्सावो नदीवर पूल बांधायचं काम चालू असताना दोन सिंहांनी रात्री तंबूंतून माणसं उचलायला सुरुवात केली. काम बंद पडलं. शेवटी पॅटरसन नावाच्या इंजिनियरने डिसेंबरमधे दोघांना मारलं, १९०७ मधे त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९२४ मधे ती कातडी शिकागोच्या फील्ड म्युझियमला पाच हजार डॉलरला विकली. पेंढा भरलेले ते सिंह आजही तिथे आहेत. 'द घोस्ट अँड द डार्कनेस' हा १९९६ चा सिनेमा यावरच, ओम पुरी आहे त्यात.

आता इंजिनियरची खोड म्हणून जरा आकडे बघू. सिंहांनी किती माणसं खाल्ली? पुस्तकात पॅटरसनने २८ भारतीय मजूर सांगितले, पुढे आकडा १३५ वर गेला. २००९ मधे शास्त्रज्ञांनी सिंहांच्या हाडांचा आणि केसांचा रासायनिक अभ्यास करून अंदाज काढला तो साधारण ३५ चा. आणि रेल्वेने किती खाल्ली? भारतातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, मुख्यतः पंजाबातले, कराचीहून जहाजाने. त्यातले अडीच हजाराच्या आसपास मेले. हिवताप, हगवण, चिघळलेल्या जखमा, अपघात. मोंबासा ते किसुमू ९३५ किलोमीटर धरा. म्हणजे सरासरी दर किलोमीटरला अडीच माणसांपेक्षा जास्त! त्यात ते २८ धरले तर शंभरात जेमतेम एक सिंहाच्या वाट्याचा. बाकी नव्व्याण्णव जणांवर कुणी सिनेमा काढत नाही. तापाला आयाळ नसते ना, आणि त्याच्यात पेंढाही भरता येत नाही.

यातही एक मेख आहे. पॅटरसनच स्वतः लिहून गेलाय, की जे आफ्रिकन लोक सिंहांनी मारले त्यांची अधिकृत नोंदच ठेवली नव्हती. आपल्या धंद्यात ज्याचा लॉग नाही ते घडलंच नाही असं समजतात. इथे माणसांच्या बाबतीत तेच झालेलं.

हे मी आमच्या ड्रायव्हरला सांगितलं. पन्नाशीचा, शांत माणूस. थोडा वेळ गाडी चालवत राहिला, मग म्हणाला, "माझ्या आजीचे वडील रुळांवर काम करायचे. गेले ते परत आलेच नाहीत." मी विचारलं, नाव काय होतं त्यांचं? म्हणाला, "आजीला माहीत होतं. आम्ही विचारलं नाही." गाडीत मागे बसलेली आमची मंडळी जिराफ मोजत होती. त्यानंतर मला काही बोलायला सुचलं नाही.

त्या मजुरांचा करार तीन वर्षांचा असायचा. पगार, शिधा आणि परतीचं भाडं. वाचताना ऑफर लेटरची आठवण होते, पण तुलना करायची हिंमत होत नाही. माझ्या खिशात यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड होतं, विमा (सॉरी, बिमा) होता आणि परतीचं तिकीट. त्यांच्यातले पावणेसात हजार तिथेच राहिले. केनियातल्या भारतीय वंशाच्या समाजात रुळांवरच्या माणसांची नातवंडं-पतवंडं आहेत, आणि मागून आलेल्या दुकानदारांची, कारकुनांचीही. २०१७ मधे केनिया सरकारने आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. म्हणजे शंभरएक वर्षांनी का होईना, नोंद झाली.

जाणार असाल तर दोन गोष्टी. केनियाला आता व्हिसाऐवजी आधी ऑनलाईन परवानगी काढावी लागते, आणि लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर भारतात परत येताना अडवतील. दुसरं म्हणजे, किल्ला आधी करा आणि सफारी नंतर, उलटं नको. आणि नैरोबी-मोंबासा एक बाजू तरी दिवसाच्या रेल्वेने करा. २०१७ पासूनची ही नवी चिनी बनावटीची गाडी पाच-सहा तासांत पोचवते. त्सावोत ती उंच पुलावरून जाते आणि खालून हत्ती जातात. खिडकीची जागा घ्या. जुनी लाईन बराच वेळ सोबतीला असते. हत्ती मोजून झाले की तिच्याकडेही बघा. किलोमीटरला अडीच, आणि ज्यांची मोजणीच झाली नाही ते वेगळे.