दोष काढणें

इंग्रजींतील ‘अमेंड’ ह्या क्रियापदाला मराठींत एकच एक प्रतिशब्द सांपडत नाहीं, असा धरणगांवच्या आमच्या वर्गांत दरवर्षीं अनुभव येतो. कोणी ‘सुधारणें’ म्हणतो, कोणी ‘दुरुस्त करणें’. दोन्ही चालतात, पण मूळ लॅटिन शब्दांत ‘मेंडा’ म्हणजे दोष, आणि तो बाहेर काढणें एवढाच अर्थ आहे. फाटकें शिवणें ह्या अर्थाचा ‘मेंड’ हा ह्याच ‘अमेंड’चें आद्याक्षर गळून झालेला धाकटा भाऊ. पुढें विद्वानांनीं ‘इमेंड’ हा तिसरा भाऊ थेट लॅटिनमधून आणिला व ग्रंथांतील पाठशुद्धीचें काम त्याच्याकडे सोंपविलें.

ह्या तिसऱ्याला मात्र आपल्याकडे जोडीदार आहे. तो म्हणजे ‘शोधणें’. हा शब्द शुध् धातूपासून निघालेला, म्हणून ‘संशोधन’ म्हणजे मुळांत शुद्ध करणें. हिंदीनें तो अर्थ राखिला. आपली घटनादुरुस्ती तिकडे ‘संविधान संशोधन’ होते. आपण हरवलेलें धुंडाळणें हा अर्थ घेऊन बसलों. धुळ्याला १९२७ सालीं निघालेल्या राजवाडे संशोधन मंडळाचें नांव वाचून, राजवाड्यांनाच दुरुस्त करण्यासाठीं हें मंडळ काढिलें असावें, असें एखादा हिंदीभाषी समजला तर त्याला हंसतां येणार नाहीं!

हे दोन्ही अर्थ येऊन भेटतात ते ज्ञानेश्वरीवर. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ती शोधिली, म्हणजे शुद्ध केली. नकलांतून शिरलेले अपपाठ काढून टाकिले. पुढें कोणी तींत आपली ओवी घालील तर तो अमृताच्या ताटांत करवंटी ठेवील, असा इशाराहि दिला. राजवाड्यांनीं ती दुसऱ्या अर्थानें शोधिली; नाथपूर्व काळची म्हणून एक पोथी मिळवून १९०९ सालीं छापिली. तिच्या प्राचीनत्वाविषयीं पंडितांत वाद झाले ते झाले. तिनें उभा केलेला प्रश्न राहतोच. नाथांनीं काढिलें तें सारें नकलनविसांचें पाप होतें, कीं तीनशें वर्षांत कानाला अनोळखी झालेलीं ज्ञानदेवांचीं स्वतःचीं कांहीं रूपेंहि त्यांत गेलीं?

नाथांविषयीं असें लिहितांना हात अडखळतो. त्यांनीं हें केलें नसतें तर आज पारायणाला कोणती पोथी हातीं आली असती? पण टाकिलेल्या पाठांचें टिपण आपल्यापर्यंत आलेलें नाहीं, ही रुखरुख जात नाहीं. घटनेची छापील प्रत पाहा. शब्द बदलला कीं कोणत्या दुरुस्तीनें, केव्हांपासून, कोणत्या शब्दांच्या जागीं, हें तळटीपेंत नोंदलेलें असतें. भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं पुरें केलेल्या महाभारतांत तर कित्येक पानांवर श्लोक थोडे आणि खालीं पाठभेदांचीच गर्दी. वाचणाऱ्याला वीट येतो खरा. पण वरचा शब्द न पटला तर खालचा उचलून त्याला परत वर नेतां येतो.