बिनभोपळ्याची सतार

आमच्या घरात विजेवर वाजणारं पहिलं वाद्य म्हणजे अब्बांचा बेंजो. बेंजो म्हटलं की काही जणांना अमेरिकेतलं कातडं मढवलेलं वाद्य आठवेल. कव्वाली पार्टीतला आणि वरातीतला आमचा बेंजो वेगळा. लांबट लाकडी फळी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या पत्तीने तार छेडायची. पुस्तकात त्याला बुलबुलतरंग म्हणतात, पण आमच्या कळंबमध्ये ते नाव कोणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. अब्बांनी मंचरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तारांखाली कॉइल बसवून घेतली होती. दिवसा ते मार्केट यार्डात तोलार होते, बटाट्याची पोती काट्यावर चढवायचे. रात्री उरसात किंवा एखाद्या लग्नात वायर स्पीकरला जोडली की त्यांचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

हे वाद्य मुळात जपानचं. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने ते बनवलं. तिथून आपल्याकडे आलं आणि इतकं आपलं झालं की त्याचा जपानी बाप कोणाला आठवेनासा झाला. अब्बांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "होएंगा. मैं तो जुन्नर से लाया था."

२०१३ साली अब्बा हजला जाऊन आले. त्यानंतर त्यांनी बेंजो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. कोणी त्यांना सांगितलं असंही नाही, कोणी विचारलंही नाही. आमच्या घरात काही गोष्टी न बोलता ठरतात, त्यातली ही एक. त्यांनी बेंजो विकला मात्र नाही, आणि माळा साफ करताना त्या चादरीला कोणी हात लावायचा नाही, हेही न बोलताच ठरलं.

मी तेव्हा पुण्यात बी.एड. करत होतो. खोलीवर मडगावचा एक मुलगा होता. त्याने माझ्या मोबाइलच्या मेमरी कार्डात 'शक्ती'चं रेकॉर्डिंग टाकून दिलं. मी ऐकायला बसलो ते झाकीर हुसेन यांच्या तबल्यासाठी, कारण तेवढं एकच नाव ओळखीचं होतं. ऐकता ऐकता कान दुसरीकडेच गेला. जॉन मॅकलॉफ्लिन नावाचा इंग्रज गिटारवर मींड घेत होता. त्याने गिटारीच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट करून घेतलं होतं, म्हणजे तार दाबून स्वर वर नेता यावा. सतारीचे पडदे उंच असतात ते त्याचसाठी. त्या मुलाने मला मग जॅझही ऐकवलं. मुंबईच्या हॉटेलांत १९३०च्या दशकापासून जॅझ वाजायचं, आणि ते वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांपैकी कितीतरी जण पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले, हे मला त्याच्याकडून कळलं. म्हणजे अब्बा बेंजोवर जी सिनेमाची गाणी वाजवायचे, त्यांत थोडं जॅझ आधीपासून होतंच. नकळत का होईना, आमच्या कानावर ते पडलेलं होतं.

मग नोकरी लागली. शिक्षणसेवक म्हणून महिन्याला आठ हजारांवर तीन वर्षं काढली, मग पगार सुरू झाला, लग्न झालं, मुलगी झाली. गिटार राहून गेली. शाळेत मी उर्दू आणि इतिहास शिकवतो, घरी परतताना बसमध्ये कानात इअरफोन. १५ डिसेंबर २०२४ला झाकीर हुसेन गेले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं होतं. ती बातमी मी स्टाफरूममध्ये सांगितली होती आणि कोणालाही विशेष वाटलं नव्हतं. ते गेल्याचं कळल्यावर मी बायकोला म्हटलं, मला एक गिटार घ्यायची आहे, विजेवरची. ती वॉशिंग मशीनसाठी पैसे साठवत होती. थोडा वेळ गप्प राहून तिने विचारलं, "कित्ते की?" मी म्हटलं, वीस हजारांच्या आत. तिने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

जॅझ वाजवणारे पूर्वापार पोकळ पोटाची मोठी गिटार वापरतात. तिचा आवाज उबदार असतो यात शंका नाही. पण चांगली पोकळ गिटार माझ्या ऐपतीबाहेरची. शिवाय आवाज वाढवला की पोकळ लाकूड स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडून शिट्टी मारतं. आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात, जिथे दरवाजे फुगून बसत नाहीत, तिथे पातळ लाकडाच्या पेटीचं काय होणार? म्हणून भरीव गिटार, जिला सॉलिड बॉडी म्हणतात. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५० साली अशी गिटार बाजारात आणली, पुढच्या वर्षी तिला टेलिकास्टर हे नाव मिळालं. दिसायला ती फळीच, पण कॅनडाच्या एड बिकर्टने तिच्यावर इतकं मऊ जॅझ वाजवलं की डोळे मिटून ऐकणाऱ्याला ती पोकळ वाटावी. माइल्स डेव्हिस यांच्या चमूत वाजवलेला माईक स्टर्नही त्याच घाटाच्या गिटारीवर जॅझ आणि फ्यूजन दोन्ही वाजवतो. तेव्हा 'जॅझ म्हणजे पोकळच गिटार' असं सांगणाऱ्या दुकानदाराचं मी मनावर घेतलं नाही.

अम्मीला सॉलिड बॉडी समजावताना मिरज आठवली. मिरजेत आपल्याच लोकांची घराणी दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे बनवत आली आहेत. भोपळा निवडणं, वाळवणं, जवारी काढणं, हे सगळं हाताने. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी म्हटलं, अम्मी, ही बिनभोपळ्याची सतार. भोपळ्याचं काम वीज करते. वीज नसेल तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही.

खरं सांगायचं तर हेच माझं मोठं कारण होतं. पैसा, पावसाळा, शिट्टी, सगळं खरं. पण मला घरात ऐकू न जाणारं वाद्य हवं होतं. अब्बा पुढच्या खोलीत तस्बीह घेऊन बसतात. त्यांनी जे सोडलं ते मी त्यांच्या कानावर कसं घालू?

पुण्यात दोन रविवार दुकानं पालथी घातली. फेंडरच्याच स्वस्त शाखेची, स्क्वायरची टेलिकास्टर पाहिली, यामाहाची पॅसिफिका पाहिली. दोन्ही चांगल्या. अडचण माझ्या घराची होती. तारांखालच्या चुंबकाला एकच कॉइल असेल तर ती तारेबरोबर घरातल्या विजेची पन्नास सायकलची घरघरही पकडते. आमचं वायरिंग जुनं, ट्यूबलाइटची पट्टी सतत गुणगुणणारी. खोडदच्या दुर्बिणीच्या तीस तबकड्या आकाशातली कुजबुज ऐकतात, तशी एका कॉइलची गिटार आमच्या घरात फ्रिज, मिक्सर, शेजाऱ्याची मोटर, सगळं ऐकणार. त्यावर उपाय म्हणजे उलटसुलट गुंडाळलेल्या दोन कॉइल, ज्या एकमेकींची घरघर मारतात. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तो शोधला. त्याला हंबकर म्हणतात. गळ्याजवळ हंबकर असला आणि टोनचं बटण निम्म्यावर उतरवलं, तर भरीव फळीतूनही जॅझचा गोल आवाज निघतो. मी वायरमन बोलावून अर्थिंग आधी नीट करून घेतलं. गिटारीच्या तारा घोडीतून वायरीच्या जमिनीला जोडलेल्या असतात, आणि घराला अर्थिंग नसेल तर झटका बोटांना बसतो. विजेवरची गिटार घेऊ पाहणाऱ्या गावाकडच्या मुलांना मी ब्रँडच्या आधी हेच सांगतो.

शेवटी पिंपरीच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून वापरलेली आयबानेझ घेतली, दोन हंबकरवाली, तेरा हजारांना. हेडफोनला जोडायचा छोटा ॲम्प आणि तारा धरून पंधरा. जाड तारांनी जॅझचे स्वरगुच्छ छान भरतात, पण त्यांवर मींड घेताना बोटं सोलतात; म्हणून दहा नंबरचा मधला संच घेतला. आयबानेझची कंपनी नागोयाची निघाली, हे घेतल्यानंतर कळलं. मोरितांनी बेंजो बनवला त्याच गावची.

परत येताना पाठीवर लांब काळी पिशवी, तोंडावर दाढी. एका स्टँडवर एकाने अडवलं. पिशवीत काय आहे, उघडा. उघडली. आजूबाजूला माणसं जमली होती, त्यांचे चेहरे सैल झाले. एक जण म्हणाला, "मास्तर, वाजवून दाखवा की." मी म्हटलं, याला वीज लागते. सगळे हसले, मीही हसलो. बस सुटल्यावर माझे हात थरथरत होते, ते मी पिशवीच्या पट्ट्यात अडकवून बसलो.

घरी रात्री सगळे झोपल्यावर मी हेडफोन लावून बसायचो. महिनाभर एक गोष्ट खटकत होती. खाली वाजवलेले स्वरगुच्छ गोड लागायचे, तेच वर बाराव्या पडद्यापाशी नेले की आंबट. जॅझमध्ये चार-पाच स्वर एकत्र धरायचे आणि सारखे बदलायचे. त्यातला एक जरी हलला तरी सगळं नासतं. मला वाटायचं, माझीच बोटं चुकतात.

एका संध्याकाळी मगरीबनंतर हेडफोनची वायर बिघडली म्हणून मी तशीच, वीज न लावता, वाजवत बसलो होतो. डब्यातली सुई हलावी एवढा आवाज. दारात अब्बा उभे. किती वेळचे उभे होते कोण जाणे. मी गिटार खाली ठेवायला लागलो.

"उपर चढ रहा है," ते म्हणाले. "नीचे ठीक है, उपर सूर चढ रहा है. घोडी पीछे ले."

ते आत येऊन बसले. गिटारीला हात लावला नाही. बेंजोचीही घोडी सरकली की हेच होतं, तार आखूड पडते आणि वरचे स्वर चढतात, हे त्यांनी मला बोटाने हवेत दाखवून सांगितलं. गिटारीत प्रत्येक तारेची घोडी वेगळी असते आणि स्क्रूने मागेपुढे होते. मी शिलाई मशीनच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर आणला. बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून एक स्वर, मग दाबून दुसरा. दोन्ही एक होईपर्यंत अर्धा-अर्धा फेरा. अब्बा डोळे मिटून "और", "बस", "जरा आगे" म्हणत होते, तोलकाट्यापाशी म्हणायचे तसे. सहा तारांना पाऊण तास गेला.

"अब बजा."

मी वाजवलं. ते कान पुढे करून ऐकत राहिले, मग वैतागले. "इत्ता बारीक कायकू? चोरी का माल है क्या?"

मी आतून मुलीच्या वाढदिवसाला आणलेला छोटा स्पीकर घेऊन आलो आणि ॲम्पची वायर त्याला जोडली. अम्मी स्वयंपाकघरातून डोकावली, अब्बांकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. मला नीट येत होते ते चार स्वरगुच्छ मी फिरून फिरून वाजवले. अब्बांच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता, पत्ती धरल्यासारखा. इशाची अजान सुरू झाली तसा मी हात थांबवला. ते टोपी नीट करून उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तिसरी तार उतरी है."

मी छेडून पाहिली. उतरली होती.