साओ पावलोचा जमाखर्च

ब्राझील म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फुटबॉल, रिओचा समुद्रकिनारा आणि डोंगरमाथ्यावरचा बाहू पसरलेला ख्रिस्ताचा पुतळा उभा राहतो. त्याच देशातील सर्वांत मोठे शहर, साओ पावलो, पर्यटकांच्या यादीत मात्र मागेच राहते. त्याला ना समुद्र, ना शिखर. १८७२ साली या गावाची वस्ती जेमतेम एकतीस हजार होती; २०२२ च्या जनगणनेत ती एक कोटी चौदा लाखांवर गेली. एवढ्याशा गावाचे असे महानगर कसे झाले, याचे उत्तर एका पिकात आहे. ते पीक म्हणजे कॉफी. व्यापाराने शहर कसे घडते आणि व्यापाऱ्याच्या पश्चात त्यातले काय उरते, हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने या शहरात एक दिवस जाणत्या माणसाबरोबर हिंडावे.

कोल्हापुरात तीन पिढ्या गुळाची अडत करणाऱ्या घराण्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ आपल्या पत्नीसह असेच एका रविवारी तेथे हिंडले. घरात आणि पेठेत सारे त्यांना अण्णा म्हणतात. मुलगा नोकरीनिमित्त साओ पावलोत असल्यामुळे हा प्रवास घडला. पेढी गेल्या पाडव्यापासून बंद होती. गाळा विकून टाकावा, असे मुलाचे म्हणणे होते. अण्णा त्यावर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. शहर दाखविण्यासाठी आलेली तरुणी इतिहासाची पदवीधर होती. तिचे पणजोबा इटलीतून कॉफीच्या मळ्यावर मजुरीसाठी आले होते. ती इंग्रजीत सांगे आणि मुलगा आईवडिलांना मराठीत समजावून देई.

सकाळी पहिला मुक्काम लूझ रेल्वे स्थानकाचा होता. मनोऱ्यावर घड्याळ असलेली ही १९०१ सालची वास्तू ब्रिटिश कंपनीने बांधली. तिचे पुष्कळसे साहित्य इंग्लंडहून जहाजाने आले. साओ पावलो समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, तर सांतोस बंदर खाली किनाऱ्यावर. मधल्या उभ्या कड्यावरून पूर्वी खेचरांच्या पाठीवर माल उतरवीत असत. १८६७ साली येथे रेल्वे सुरू झाली आणि कड्यावर गाड्या जाड तारदोरांनी ओढल्या जाऊ लागल्या. मळा आणि बंदर यांच्यामधले अंतर तुटले व कॉफीचे पोते स्वस्तात जगभर जाऊ लागले.

"म्हणजे आधी वाट झाली, मग पेठ झाली," अण्णा म्हणाले. कोल्हापूरचा गूळ रेल्वेने गुजरातेत जाऊ लागल्यावर पेठ कशी वाढली, हे त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकले होते.

याच स्थानकाच्या इमारतीत पोर्तुगीज भाषेचे संग्रहालय आहे. २०१५ च्या डिसेंबरात ते आगीत जळाले आणि २०२१ मध्ये पुन्हा उघडले. तेथे मराठी माणसाला एक अनपेक्षित आनंद मिळतो. आपली 'चावी' ही त्यांची 'शावी', आपला 'पगार' त्यांच्या 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे या क्रियापदातून आलेला. आणि अडत पेढीवर ज्या शब्दावाचून पान हलत नाही तो 'लिलाव' म्हणजे त्यांचा 'लेइलांव'. गोव्याच्या वाटेने हे शब्द चारशे-पाचशे वर्षांत आपल्या घरचे होऊन गेले. "जन्मभर लिलाव बोललो आणि शब्द परका आहे हे आज कळले," असे म्हणून अण्णा हसले.

तेथून मंडळी जुन्या गावठाणात आली. २५ जानेवारी १५५४ रोजी जेझुइट पाद्र्यांनी जेथे हे गाव वसविले ती जागा, पातिओ दो कोलेजिओ, आज एका शांत चौकासारखी आहे. तिच्या आसपास बँका, शेअरबाजार आणि 'कॉफीचा चौक' याच नावाने ओळखली जाणारी जागा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील अर्ध्याहून अधिक कॉफी ब्राझीलमध्ये पिकत होती आणि तिचा पैसा या चिंचोळ्या गल्ल्यांतून फिरत होता. पीक फार झाले की भाव कोसळे. म्हणून १९०६ साली तीन राज्यांनी करार करून जादा माल सरकारी पैशाने विकत घ्यावयाचा आणि गोदामात रोखून धरावयाचा, असे ठरविले. भाव टिकला, पण त्या भावाला भुलून लागवड आणखी वाढली. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कचा बाजार कोसळला आणि गोदामे भरलेलीच राहिली. त्यानंतर सरकारने कॉफी नष्ट करावयास सुरुवात केली. १९३१ ते १९४४ या काळात साठ किलोंची सुमारे ७ कोटी ८० लाख पोती जाळण्यात आली, समुद्रात लोटण्यात आली, आगगाडीच्या इंजिनांत इंधन म्हणून घालण्यात आली.

हा आकडा अण्णांनी मुलाकडून दोनदा विचारून घेतला. मंदीत गुळाचे रवे महिनोन् महिने शीतगृहात पडून राहिलेले त्यांनी पाहिले होते. परंतु पिकविलेला माल हाताने जाळणे त्यांच्या कल्पनेपलीकडचे होते. आईंनी एवढेच विचारले, "ज्यांनी तो तोडला, त्यांची मजुरी मिळाली होती का?" तरुणी क्षणभर थांबली आणि म्हणाली की, या प्रश्नासाठीच पुढे आपण ब्राज भागात जाणार आहोत.

वाटेत तिने मार्तिनेली इमारत दाखविली. १९२९ साली उद्घाटन झालेली ही गगनचुंबी इमारत जुझेप्पे मार्तिनेली या इटालियन स्थलांतरिताने बांधली. एवढी उंच वास्तू कोसळेल अशी लोकांना भीती वाटे, म्हणून मालकाने स्वतःचे घर तिच्या माथ्यावर बांधले आणि कुटुंबासह तेथे राहावयास गेला. ग्राहकाचा विश्वास मिळविण्याची ही रीत अण्णांना फार आवडली. परंतु पाचच वर्षांत, १९३४ साली, मार्तिनेली यांना ती विकून टाकावी लागली.

दुपारी महापालिकेच्या जुन्या मंडईत फळांवर भागविले. १९३३ साली उघडलेल्या या मंडईच्या खिडक्यांना रंगीत काचांची चित्रे आहेत आणि त्यांत देवदेवता नव्हेत, तर नांगर, बैल, केळीचे घड आणि राबणारी माणसे आहेत. फळांच्या ढिगांत पेरू, पपई, अननस आणि लालपिवळी काजूची बोंडे रचलेली होती. ही चारही फळे मूळची अमेरिका खंडातील. काजू तर ब्राझीलचाच, पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेला, आणि त्याचे नावही त्यांच्या 'काझू' वरून आलेले. आईंना बोंडू पाहताच माहेरच्या सावंतवाडीची आठवण झाली.

ब्राज भागातील स्थलांतरितांचे संग्रहालय म्हणजे १८८७ साली उघडलेली जुनी धर्मशाळाच होय. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी कायद्याने संपली. तोवर कॉफीचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर पिकत होते. पुढे राज्याने तिकिटाचा खर्च सोसून युरोपातून, विशेषतः इटलीतून, कुटुंबेच्या कुटुंबे आणविली. सांतोसहून निघालेली गाडी थेट या इमारतीच्या फलाटावर थांबे. काही दिवस जेवण आणि निवारा फुकट, मग करार, आणि दुसऱ्या गाडीने मळ्याकडे. १९०८ च्या जूनमध्ये 'कासातो मारू' जहाजातून ७८१ जपानी आले, तेही याच दारातून गेले. १९७८ पर्यंत सुमारे पंचवीस लाख माणसे येथून गेली.

करार कसा असे, हे तरुणीने समजावून सांगितले. एका कुटुंबाने कॉफीची काही हजार झाडे सांभाळावयाची, त्याचे वर्षाचे ठरलेले पैसे, तोडणीचे वेगळे. झाडांच्या ओळींमध्ये मका, घेवडा लावण्यास बहुधा मुभा असे. काही कुटुंबांनी त्यातून बचत करून स्वतःची जमीन घेतली. परंतु मीठमिरची मळेवाल्याच्याच दुकानातून घ्यावी लागे, आणि कित्येकांची वर्षअखेरची मजुरी तेथल्या उधारीतच वळती होई. अशा तक्रारींमुळे इटलीने १९०२ साली फुकट तिकिटावर माणसे पाठविण्यास बंदी घातली.

"उचल," अण्णा हळूच म्हणाले. शब्द मराठी असला तरी मुलाला तो इंग्रजीत सांगण्यास चार वाक्ये लागली. तरुणीने मान डोलावली. तिच्या घरीही असाच एक शब्द होता. तिच्या पणजोबांची पहिली तीन वर्षे फेडण्यातच गेली होती.

एका दालनात लाकडी भिंतीवर स्थलांतरितांची आडनावे कोरलेली आहेत. तरुणीने आपले आडनाव बोटाने दाखविले. अण्णा बराच वेळ त्या भिंतीपुढे उभे राहिले. "आपल्या वहीत माल कोणाचा ते लिहिलेले असते," ते मुलाला म्हणाले, "तो कोणाच्या पाठीवरून आला, ते नसते."

लिबेर्दादे भाग आज जपानी दुकानांसाठी आणि लाल दिव्यांच्या खांबांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या चौकात पूर्वी फाशीचा खांब होता. १८२१ साली शागास नावाच्या एका शिपायाला येथे फाशी दिली. थकलेला पगार मागण्यासाठी झालेल्या बंडात तो होता. दोर तुटला आणि लोकांनी 'लिबेर्दादे', म्हणजे 'स्वातंत्र्य', अशी आरोळी ठोकली, असे सांगतात. जवळच एका अरुंद गल्लीच्या टोकाला जुन्या दफनभूमीचे छोटे प्रार्थनागृह उरले आहे. गरीब, गुलाम आणि फाशी गेलेले तेथे पुरले जात. २०१८ साली शेजारच्या बांधकामात नऊ माणसांचे सांगाडे सापडले. बाजाराच्या गजबजाटातून त्या गल्लीत वळणारे थोडेच; मंडळी वळली आणि न बोलता परतली.

शेवटचा टप्पा अवेनिदा पाउलिस्ता. १८९१ साली आखलेल्या या रस्त्यावर कॉफीसम्राटांचे आणि कारखानदारांचे वाडे होते. त्यांपैकी बोटांवर मोजण्याइतके उरले. फ्रांचेस्को मातारात्झो हे १८८१ साली इटलीहून आले तेव्हा विक्रीसाठी आणलेला माल बंदरातच बुडाला होता. पुढे ते ब्राझीलमधील सर्वांत श्रीमंत उद्योगपती झाले. तिसऱ्या पिढीच्या काळात तो डोलारा खचला. त्यांचा या रस्त्यावरील वाडा १९९६ साली पाडला गेला आणि आज त्या जागी मोठे दुकानसंकुल आहे. त्यांच्या उद्योगाचे मुख्य कार्यालय मात्र जुन्या शहरात उभे आहे. त्यात आता महापालिका बसते.

त्याच रस्त्यावर दोन तांबड्या चौकटींनी पेलून धरलेले कलासंग्रहालय आहे. वृत्तपत्रमालक आसिस शातोब्रियां यांनी धनिकांकडून देणग्या मिळवून १९४७ साली ते स्थापिले. आजची इमारत लीना बो बार्दी यांनी रचली आणि १९६८ मध्ये ती उघडली. लीनाही इटलीहून आलेल्याच. खाली ७४ मीटर रुंदीची, मधे एकही खांब नसलेली मोकळी जागा आहे. रविवारी रस्ता वाहनांना बंद असतो. त्या सावलीत मुले खेळत होती, म्हातारी माणसे बसली होती.

वर काचेच्या फलकांवर चित्रे जणू हवेत उभी आहेत. त्यांत कांदिदो पोर्तिनारी यांचे १९३४ सालचे 'कॉफीचा मजूर' हे चित्र आहे. हातात कुदळ घेतलेला कृष्णवर्णी मजूर, त्याचे मोठे अनवाणी पाय, शेजारी तोडलेल्या झाडाचा बुंधा, मागे मळा आणि दूर धूर सोडणारी आगगाडी. चित्रकार स्वतः कॉफीच्या मळ्यावर आलेल्या इटालियन कुटुंबातला. दिवसभर पाहिलेले सारे त्या एका चौकटीत होते. अण्णांची नजर त्या पायांवरून हलत नव्हती.

खाली बाकावर बसल्यावर गाळ्याचा विषय त्यांनीच काढला. "गाळा विकून टाक," ते मुलाला म्हणाले. "पण पैसे आपल्यात वाटण्याआधी चार नावे लिही. तीस-तीस वर्षे रवे वाहिले त्या माणसांनी. तोलाई-हमाली दिली, हिशेब पुरा आहे. तरी त्यांच्या नातवंडांच्या शिक्षणाची रक्कम बाजूला काढ. उरेल ते आपले."

"किती काढू, अण्णा?" मुलाने विचारले.

"आईला विचार. तिला मघाशी बरोबर प्रश्न सुचला होता."

आईंनी आकडा सांगितला. तो मुलाच्या अंदाजापेक्षा बराच मोठा होता, पण अण्णांनी तो कमी केला नाही.

साओ पावलोच्या त्या रस्त्यावर एके काळी कोणाचा वाडा किती मोठा, याची स्पर्धा होती. आज त्या मालकांची नावे सांगण्यास मार्गदर्शक लागतो. टिकले ते रेल्वेचे स्थानक, मंडई, संग्रहालय आणि मुलांना खेळण्यापुरती सावली. जे सर्वांसाठी मोकळे झाले, तेच टिकले. आणि ज्यांच्या पाठीवरून ती संपत्ती आली, त्यांची आडनावे लाकडावर कोरण्याइतकी जाणीव त्या शहराने उशिरा का होईना, ठेवली. पेढी बंद होणे हा व्यापाराचा शेवट नव्हे; ती बंद करताना शेवटच्या पानावर कोणाचे देणे लिहिले जाते, यावर तिचे नाव राहते.