क्रुसाची वाट, परगावी

वसई

चि. भाचीस,


बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील भाड्याच्या घरात, कामाच्या पाळ्या सांभाळून, उपवासकाळातील शुक्रवारची ‘क्रुसाची वाट’ कशी करावी, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर या भक्तीच्या इतिहासातच आहे, कारण ती यरुशलेमला जाऊ न शकणाऱ्यांसाठीच घडली. पिलाताने येशूला सुनावलेल्या देहदंडापासून कबरीपर्यंतच्या चौदा प्रसंगांपुढे, म्हणजे चौदा ‘स्थानां’पुढे, क्रमाने थांबून मनन व प्रार्थना करणे, हे तिचे स्वरूप होय. १३४२ मध्ये पोपने पवित्र भूमीतील तीर्थांची राखण फ्रान्सिस्कन संघाकडे सोपवली, आणि ज्यांना तो दूरचा, धोक्याचा प्रवास झेपत नव्हता त्यांच्यासाठी युरोपात त्या वाटेच्या प्रतिकृती उभ्या राहू लागल्या. १६८६ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी फ्रान्सिस्कनांना आपल्या चर्चमध्ये स्थाने उभारण्याची मुभा दिली आणि १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी ती इतर चर्चनाही देऊन स्थानांची संख्या चौदा अशी कायम केली.

भिंतीवरची चित्रे कितीही सुंदर असली, तरी नियमाने आवश्यक आहेत ते चौदा क्रूस. चित्रे ही रूढीने आलेली जोड आहे. एका स्थानापासून दुसऱ्याकडे चालत जाणे मात्र महत्त्वाचे मानले आहे, आणि गर्दीत ते सर्वांना शक्य नसेल तर निदान प्रार्थना चालवणाऱ्याने तरी जावे, असा संकेत आहे. मन भरकटते तेव्हा पाय त्याला वाटेवर आणतात, ही जाण त्यामागे असावी. रास्त अडचणीमुळे ज्याला चर्चला जाता येत नाही, त्याने काही वेळ येशूच्या दुःखसहनाचे वाचन व मनन करावे, अशी सोयही आहे, आणि त्या वाचनासाठी मराठी माणसाला परक्या भाषेकडे जावे लागत नाही, कारण फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये प्रथम छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या दुसऱ्या भागात हीच कथा ओवीबद्ध झाली आहे.

येशूचे तीनदा पडणे आणि वेरोनिकेचे त्याचा चेहरा पुसणे हे प्रसंग शुभवर्तमानांत नाहीत. म्हणून १९९१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी केवळ शास्त्राधारित प्रसंगांचा क्रम चालवला. परंपरेने जपलेले प्रसंग गाळावेत असा त्याचा अर्थ नव्हे. परंपरेतील पाचव्या स्थानाचा प्रसंग मात्र दोन्ही क्रमांत येतो: उत्तर आफ्रिकेतील कुरेने गावचा शिमोन रानातून शहराकडे येत होता, त्याला शिपायांनी वाटेत धरले आणि त्याच्या खांद्यावर क्रूस लादला. तो ना शिष्य होता ना प्रार्थनेसाठी निघालेला; तरी मार्काने आपल्या शुभवर्तमानात त्याच्या दोन्ही मुलांची, आलेक्सांद्र व रूफ यांची, नावे नोंदवली, यावरून त्या घराची ओळख आरंभीच्या मंडळीत उरली असावी असे अभ्यासक मानतात. परगावी, कामाच्या धबडग्यात असलेल्या माणसाने वेळ थोडा असेल तर याच स्थानापुढे अधिक थांबावे.

मामाचे आशीर्वाद